लघवीची पट्टी आणि बेन्स जोन्स प्रथिन

लघवीच्या रिपोर्टवर ‘प्रोटीन : निल’ असा शेरा आला की रुग्ण आणि नातेवाईक निर्धास्त होतात, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. परंतु साठीपुढच्या माणसाची पाठ महिनोन्‌महिने दुखत असेल, हिमोग्लोबिन कारण न सापडता उतरत चालले असेल आणि मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातले क्रिएटिनीन वाढू लागले असेल, तर त्या शेऱ्यावर विसंबून राहू नये, हे प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे खर्ची घातल्यानंतर मला कळकळीने सांगावेसे वाटते. हा शेरा लघवीत बुडवलेल्या चाचणी-पट्टीच्या रंगावरून देतात, आणि पट्टीचा रंग बदलतो तो मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनामुळे. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात लघवीवाटे जाणारे प्रथिन अनेकदा निराळे, बेन्स जोन्स नावाचे, असते आणि ते या पट्टीला जवळजवळ दिसतच नाही.

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे बनवतात. प्रत्येक प्रतिपिंडात जड आणि हलक्या साखळ्या असतात आणि हलकी साखळी कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एका प्रकारची असते. मायलोमात एकाच पेशीची संतती बेसुमार वाढते आणि एकाच साच्यातील हलक्या साखळ्या रक्तात सोडत राहते. आकाराने लहान असल्यामुळे त्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होतात. पुढच्या सूक्ष्म नलिका त्यांतल्या जमतील तेवढ्या परत शोषून घेतात आणि उरलेल्या लघवीत उतरतात. त्यांचे प्रमाण फार वाढले की नलिकांमध्येच युरोमोड्युलिन या प्रथिनाशी त्यांच्या गुठळ्या होतात, वाट बुजते आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागते. अशा वेळी हाडांच्या दुखण्यासाठी परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या त्या हानीत भरच घालतात.

या प्रथिनाचा शोध लंडनमधला आहे. १८४५ साली तेथील एका किराणा व्यापाऱ्याला हाडांच्या असह्य वेदना होत होत्या. त्याच्या लघवीचे वागणे त्याला तपासणारे डॉक्टर विल्यम मॅकिन्टायर यांना चमत्कारिक वाटले आणि १ नोव्हेंबर रोजी त्याचे दुसरे डॉक्टर थॉमस वॉटसन यांनी तिची नळी रसायनशास्त्र जाणणारे डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवली; सोबतच्या चिठ्ठीत ‘हे काय आहे?’ एवढेच विचारले होते. अंड्यातला पांढरा भाग तापवून एकदा घट्ट झाला की पुन्हा पातळ होत नाही. हे प्रथिन मात्र साधारण ४० ते ६० अंश सेल्सिअसला साकळते, लघवी उकळू लागली की विरघळते आणि ती निवताना पुन्हा दिसू लागते. तो रुग्ण जानेवारी १८४६ मध्ये दगावला. प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला मात्र १९६२ साल उजाडावे लागले. जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी तेव्हा दाखवून दिले की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळीच होय.

उष्णतेची ती चाचणी पाहायला विलक्षण असली, तरी थोडे प्रथिन तिच्यातून निसटते, म्हणून निदानासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. आज इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करणे) आणि इम्युनोफिक्सेशन (वेगळ्या झालेल्या प्रथिनाची जात प्रतिपिंडांच्या मदतीने ओळखणे) करतात. रोग लॅम्डा साखळीचा असेल, तर लॅम्डाच्या रकान्यात रेघ मारल्यासारखा गडद, अरुंद पट्टा उमटलेला असतो आणि शेजारचा कॅपाचा रकाना कोरा असतो. निरोगी माणसाच्या लघवीत असा ठळक पट्टा दिसत नाही. पहिल्या चाळणीसाठी आता रक्तातील मुक्त हलक्या साखळ्या मोजतात आणि बहुतेक रुग्णांत रक्ताच्या तपासण्यांवर भागते. तरीही एएल अमायलॉइडोसिसचा, म्हणजे हलक्या साखळ्या अवयवांत साचत जाण्याच्या आजाराचा, संशय असेल तर लघवीचे इम्युनोफिक्सेशन टाळू नये. शिवाय गळणारे प्रथिन अल्ब्युमिन आहे की हलकी साखळी, यावरून मूत्रपिंडाचा बिघाड कोणत्या जातीचा असावा याचा अंदाज लघवीच देते.

प्रमाण मोजायचे तर २४ तासांची लघवी लागते, आणि घोळ होतो तो बहुधा येथेच. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी आणि ती वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये साठवावी आणि कॅन थंड जागी ठेवावा. मधली एखादी वेळ चुकली तर ते लॅबमध्ये न संकोचता सांगावे, कारण अपुऱ्या नमुन्यावरून काढलेला आकडा खरा धरला, तर आजार आटोक्यात येत असल्याचा चुकीचा समज होऊ शकतो.