सिंगापूरच्या चायनाटाउनमधील देवळे : सुरुवात तेलोक आयरपासून

भारतातून सिंगापूर पाहायला येणारे पाहुणे चायनाटाउनमध्ये शिरतात ते बहुधा साउथ ब्रिज रोडवरच्या बुद्धदंत मंदिरापाशी. लाल-सोनेरी भव्य इमारतीसमोर छायाचित्रे काढून झाली, आतल्या शेकडो लहान बुद्धमूर्तींवरून नजर फिरवून झाली, की शेजारच्या गल्लीतली खरेदी सुरू होते आणि चायनाटाउन पाहून झाले असे समजले जाते. काही वर्षे या शहरात राहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही भेट उलट्या टोकाकडून होते. या देवळांचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर तिथून दहा मिनिटे चालत तेलोक आयर रस्त्यावर यावे आणि एकेकाळी या रस्त्याच्या कडेला समुद्र होता, हे आधी लक्षात घ्यावे.

आज तिथे समुद्राचा मागमूस नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे भराव घातला गेला, किनारा पुढे सरकला आणि जुन्या खाडीच्या जागी रस्ते व काचेच्या उंच इमारती आल्या. परंतु 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणे वसवल्यानंतर दक्षिण चीनमधून ईशान्य मोसमी वाऱ्यांवर निघालेली शिडाची जहाजे याच खाडीत येऊन लागत. त्या प्रवासातून जिवंत उतरणे ही साधी गोष्ट नव्हती, त्यामुळे किनाऱ्यावर पाय ठेवणाऱ्या माणसाचे पहिले काम देवाचे आभार मानण्याचे असे. कँटोनी आणि हाक्का या दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांचे फुक टाक ची हे भूमिदेवाचे देऊळ 1824 मधले आहे. 1998 पासून तिथे एक छोटे संग्रहालय असून, त्यातली जुन्या तेलोक आयर रस्त्याची प्रतिकृती दोन मिनिटे पाहिली तरी पुढच्या सगळ्या फिरण्याला आधार मिळतो. याच रस्त्यावर तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांनी 1828 ते 1830 च्या दरम्यान तमिळनाडूतल्या नागूरच्या संतांच्या स्मरणार्थ बांधलेला दर्गाही आहे. धर्म वेगळा असला, तरी तो किनाऱ्याला लागून बांधण्याचे कारण तेच होते.

या रस्त्यावरचे सर्वांत महत्त्वाचे देऊळ म्हणजे थियान हॉक केंग. फुजिअन प्रांतातून आलेल्या होक्किएन भाषक लोकांनी ते 1839 ते 1842 या काळात बांधले आणि त्यासाठी सर्वांत मोठी देणगी दिली टॅन टॉक सेंग या व्यापाऱ्याने, ज्याच्या नावाचे रुग्णालय आज सिंगापूरमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुख्य देवता मात्सू ही समुद्राची देवी. दहाव्या शतकात फुजिअनच्या किनाऱ्याजवळील मेइझोउ बेटावर राहणारी लिन घराण्यातली एक मुलगी वादळात सापडलेल्या दर्यावर्दींना वाचवत असे आणि मृत्यूनंतर लोक तिला देवी मानू लागले, अशी तिची कथा आहे. तिच्यासोबत दोन रक्षक असतात. एकाला हजार मैलांवरचे दिसते, तर दुसऱ्याला वाऱ्यावरून येणारा दूरचा आवाज ऐकू येतो. जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे असते? 1840 मध्ये तिची मूर्ती चीनमधून आणली गेली तेव्हा मोठी मिरवणूक निघाली होती. पुढे 1907 मध्ये चीनच्या क्वांगश्यू सम्राटाकडून या देवळासाठी सुलेखनाचा पट आला. दक्षिणेकडच्या समुद्रात लाटा शांत राहोत, असा त्यातील शब्दांचा आशय आहे.

या देवळाच्या बांधणीत लाकडी सांधे खिळ्यांवाचून जोडलेले आहेत, हे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो आणि ते पाहण्याजोगे आहेच. मला मात्र तिथली भेसळ अधिक आवडते. छपरावर चिनी ड्रॅगन आहेत, ओतीव लोखंडाची जाळी स्कॉटलंडमधील ग्लासगोहून आलेली आहे आणि बाजूच्या दालनात छताखाली तुळया पेलून धरल्यासारख्या कोरलेल्या आकृती चक्क भारतीय माणसांच्या आहेत. बांधकामाला हातभार लावणाऱ्या किंवा जवळच्या चुलिया स्ट्रीटवर राहणाऱ्या भारतीयांची ती आठवण असावी, असे मानले जाते. मागच्या बाजूला ग्वानयिनचे दालन आहे आणि त्याच आवारात कन्फ्यूशियसचीही पूजा होते. ताओ पंथाची देवी, बौद्ध बोधिसत्त्व आणि एक तत्त्वचिंतक एका छपराखाली कसे, हा प्रश्न आपल्याला पडतो. तिथे उदबत्ती लावणाऱ्या आजीबाईंना तो पडलेला मला कधी दिसला नाही. 1956 नंतरच्या नवबौद्ध परंपरेतील विहारांमध्ये एकट्या बुद्धाची शांत मूर्ती पाहत वाढलेल्या मराठी माणसाला इथला बौद्ध धर्म सुरुवातीला ओळखूही येत नाही.

पण या ग्वानयिनचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर. भारतातून चीनमध्ये गेलेल्या या बोधिसत्त्वाला तिथे काही शतकांच्या ओघात स्त्रीरूप मिळाले. औरंगाबादच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात याच अवलोकितेश्वराचे एक मोठे शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आग, चोर, सिंह, सर्प, हत्ती अशा संकटांत सापडलेली माणसे त्याचा धावा करताना कोरलेली आहेत आणि त्यांतले एक दृश्य बुडणाऱ्या जहाजाचे आहे. कान्हेरीच्या लेण्यांतही हाच विषय आढळतो, आणि सोपारा व कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दाने दिल्याचे तिथले शिलालेख सांगतात. तेलोक आयरला मात्सूच्या मागे ग्वानयिन का, याचे उत्तर त्या शिल्पात मिळते असे मला वाटते. दोघींकडे केलेली पहिली प्रार्थना एकच असणार.

देऊळ ही त्या काळी केवळ पूजेची जागा नव्हती. सरकारकडून फारशी अपेक्षा नसलेल्या स्थलांतरितांसाठी ओळखपाळख, तंटे मिटवणे, आजारी किंवा मृत माणसाची सोय अशा सगळ्या गोष्टी देवळाच्या आधाराने होत. होक्किएन समाजाची मंडळी याच आवारातून कारभार पाही आणि 1915 मध्ये त्यांनी मुलींची एक शाळाही इथेच सुरू केली. तिओच्यू या दुसऱ्या दक्षिण चिनी बोलीच्या भाषकांचे देऊळ वेगळे. ते युए हाय चिंग आता फिलिप स्ट्रीटवर बँकांच्या गगनचुंबी इमारतींनी वेढलेले आहे. त्याच्या छपरावर गर्दी करून बसवलेली माणसे, घरे आणि घोडे खालून नीट दिसत नाहीत, म्हणून थोडे मागे जाऊन पाहावे. आज तिशीतल्या सिंगापुरी चिनी माणसाला आपले घराणे होक्किएन की तिओच्यू हे ठाऊक असते, पण ती भाषा सहज बोलता येतेच असे नाही, कारण शाळेत आणि सरकारी प्रसारात भर मँडरिनवर राहिला. देवळांनी मात्र जुनी विभागणी अजून जपली आहे.

एवढे पाहिल्यावर साउथ ब्रिज रोडवर परत यावे. बुद्धदंत मंदिर 2007 मध्ये खुले झाले. बाहेरून थांग राजवटीच्या शैलीतले, आतून वातानुकूलित आणि उद्वाहनाची सोय असलेले हे मंदिर मैत्रेय या पुढे येणाऱ्या बुद्धाला वाहिलेले आहे. चौथ्या मजल्यावरच्या स्तूपासाठी सुमारे 320 किलो सोने वापरले असून त्यातले बरेचसे भाविकांनी दिलेले आहे. आत ठेवलेला दात बुद्धाचा आहे का, यावर मंदिर खुले झाले त्याच वर्षी वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. रांगेत बसून जप करणाऱ्यांच्या श्रद्धेवर तिचा परिणाम झालेला दिसत नाही. मला स्वतःला सोन्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरचे बौद्ध कलेचे संग्रहालय अधिक मोलाचे वाटते आणि तळघरातले शाकाहारी जेवण तर पाहुण्यांना हमखास आवडते. त्याच रस्त्यावर 1827 मध्ये स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर आहे. शेजारच्या पॅगोडा स्ट्रीटला हे नाव कोणत्याही चिनी पॅगोड्यावरून नव्हे, तर या मंदिराच्या गोपुरावरून पडले. तिथे हात जोडून उभी असलेली चिनी माणसे दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नये.

चिनी देवळात वागण्याचे नियम थोडेच आहेत. उंबरा उंच असतो, त्यावर पाय न देता तो ओलांडायचा. मधले दार देवांचे, म्हणून आपण देवाकडे तोंड करून उभे असताना उजव्या हाताला येणाऱ्या दाराने आत जायचे आणि डाव्या हाताच्या दाराने बाहेर पडायचे. उदबत्त्या बहुधा तीन लावतात, आधी आकाशाकडे तोंड करून नमस्कार करतात, नंतर मुख्य देवतेला. प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या समोर उभे राहून त्याचे छायाचित्र काढू नये, हे खरे तर सांगायला नको.

याखेरीज एक गोष्ट अवश्य थांबून पाहावी. गुडघे टेकून बसलेला माणूस चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतो. एकाची सपाट बाजू आणि दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली तर देवाचा होकार, दोन्ही फुगीर आल्या तर नकार, दोन्ही सपाट आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्न पुन्हा नीट विचारायचा. कोकणात किंवा गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावताना पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. हाच प्रकार अधिक गर्दीत पाहायचा असेल तर चायनाटाउनच्या थोडे बाहेर, वॉटर्लू स्ट्रीटवरच्या 1884 मधल्या क्वान इम (म्हणजे ग्वानयिनच्याच) देवळात जावे. तिथे क्रमांक घातलेल्या काड्यांचा डबा एक काडी बाहेर पडेपर्यंत खुळखुळवतात आणि तिच्या क्रमांकाची चिठ्ठी घेऊन वाचतात. शेजारीच श्रीकृष्णाचे मंदिर आहे आणि ग्वानयिनकडून निघालेले अनेक चिनी भाविक तिथेही उदबत्ती लावून पुढे जातात.

वेळ निवडता येत असेल तर चिनी चांद्र महिन्याच्या पहिल्या किंवा पंधराव्या दिवशी सकाळी लवकर यावे. त्या दिवशी धुराने डोळे चुरचुरतात आणि छायाचित्रे धड येत नाहीत, पण देवळे वापरात असलेली दिसतात. थियान हॉक केंगला प्रवेशशुल्क नाही आणि तेलोक आयर एमआरटी (मेट्रो) स्थानकापासून ते चालत पाच मिनिटांवर आहे.