गोठ्यातला करंट
तीन दिवस झाले आमची एचएफ (होल्स्टिन जातीची) गाय गव्हाणीला आली की मान मागं घ्यायची, पाणी पण नुसतं जिभेनं चाटून सोडायची, आई म्हणे दृष्ट लागली, मी म्हणलं पोट बिघडलं असंल. आज सकाळी शेण काढताना अनवाणी होतो अन् गव्हाणीच्या लोखंडी पाइपाला हात लागला तर सण्णकन् मुंग्या! पहिला मेन स्विच पाडला. वायरमन भाऊंनी बघितलं तर कडबाकुट्टीची वायर उंदरानं कुरतडून पाइपाला टेकलेली, आणि अर्थिंगची वायर गवतात नुसती लोंबत होती, खाली काहीच नाही 😅 (बसवली मीच होती म्हणा.) आपण चप्पल घालून फिरतो म्हणून कळत नाही, जनावराचे चारी पाय ओल्या कोब्यावर, तोंड गव्हाणीला लागलं की करंट तोंडातून पायांत सरळ अंगातून जातो. दुपारी खड्डा घेऊन कोळसा-मीठ टाकून अर्थिंगचा पाइप पुरला, गव्हाण, मोटर, पत्र्याचे खांब सगळं त्याला जोडलं, वर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप पाडणारा स्विच). टेस्ट बटण दाबलं की खट्! उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम पोराकडं दिलंय, बघू किती दिवस करतोय. संध्याकाळी गायीनं पाण्यात तोंड घातलं ते काढंचना.