आमची वाटचाल : एका लाल ग्लेझमागचा कच्चा माल

आम्ही मातीची भांडी बनवतो. त्यांवरचं ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर काचेसारखा बसणारा लेप, आमच्याकडे पांढरं, हिरवं, निळं सगळं बनतं, पण धंदा उभा आहे तो लालवर. पिकलेल्या टोमॅटोकडे झुकणारा, कडेला तपकिरी होत जाणारा तो रंग निव्वळ लोखंडाचा आहे. त्यात कॅडमियम नाही, बाजारात मिळणारा तयार स्टेन, म्हणजे रंगाची पूड, नाही.

2011 साली वाईजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही भावंडांनी काम सुरू केलं. धाकटा भाऊ खानापूरच्या खादी-ग्रामोद्योगाच्या कुंभारकाम केंद्रात शिकून आला होता, मी पुण्यात एका फर्मची अकाउंट्स बघायचे. त्यामुळे चाक आणि भट्टी त्याची, कच्च्या मालाची खरेदी माझी, ही वाटणी तेव्हापासूनची. हा मजकूर खरेदीच्या बाजूने लिहिलाय हे आधीच सांगते. चाकाचं कौतुक ऐकायचं असेल तर भावाला फोन करा, तो तासभर सोडणार नाही.

लाल ग्लेझची पहिली रेसिपी अमेरिकन होती. साधारण 1220 अंशाला, विजेच्या भट्टीत पिकणारी. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, टाल्क या दगडांच्या भुकट्या, थोडी चायना क्ले (पांढरी माती), 12 भाग हाडांची राख, वर 14 टक्के रेड आयर्न ऑक्साइड आणि या सगळ्याला वितळवणारं 30 भाग गर्स्टली बोरेट. हे शेवटचं नाव घेऊन मी पुण्या-मुंबईतल्या केमिकलवाल्यांकडे फिरले. कोणी बोरॅक्स पुढे केलं, कोणी बोरिक पावडर. गर्स्टली बोरेट हे कॅलिफोर्नियातल्या एका खाणीचं बोरॉनचं खनिज, आणि ग्लेझ वितळवतं ते हे बोरॉन. ती खाण 2000च्या सुमारास बंद झाली आणि पुढे जे विकलं गेलं ते साठ्यातलं. वाईत ते कुठून मिळणार?

बोरॅक्स आणि बोरिक पावडर दोन्ही पाण्यात विरघळतात. ग्लेझच्या बादलीतून ते पाण्याबरोबर बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजलेल्या भांड्यात शिरतात, आणि प्रत्येक दिवशी बादलीत वेगळंच ग्लेझ असतं. कोलेमनाइट हे बोरॉनचं दुसरं खनिज तुर्कस्तानातून येतं, विरघळत नाही, पण तापताना त्यातलं पाणी एकदम सुटतं आणि ग्लेझचे कण तडतडून शेल्फवर उडतात. उरला बोरॉनचा फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. तो गुजरातेत बनतो आणि मुंबईत मिळतो. फक्त शिशाचा फ्रिटही त्याच दुकानात, त्याच रंगाच्या गोणीत असतो. ताटवाट्या करणाऱ्याने शिसं नसल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय गोणी उचलू नये. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

इथे माझी अकाउंट्सची सवय कामी आली. 30 भाग काढले म्हणून 30 भाग घातले, असं ग्लेझमध्ये चालत नाही. गर्स्टली बोरेटमध्ये बोरॉन ऑक्साइड अंदाजे 27 टक्के, म्हणजे 30 भागांत 8. आमच्या फ्रिटमध्ये 23 टक्के, म्हणजे तेवढ्याच बोरॉनसाठी फ्रिट 35 भाग लागणार. पण त्या 35 भागांबरोबर 16 भाग सिलिकाही (क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाच) येते, जुन्या मालातून जेमतेम 4 येत होती. म्हणून क्वार्ट्झमधून 12 भाग वजा. फ्रिटमध्ये सोडियम जास्त, म्हणून फेल्डस्पार कमी. फेल्डस्पार कमी केला की ॲल्युमिना (ग्लेझ घट्ट ठेवणारा, वाहू न देणारा घटक) घटतो, तो चायना क्लेने थोडा भरून काढायचा, आणि त्या मातीचा दुसरा उपयोग असा की फ्रिट बादलीच्या तळाशी दगडासारखा बसत नाही. जमा-खर्चाचे दोन्ही रकाने जुळेपर्यंत वहीत हेच चाललं होतं. आता ग्लेझी नावाच्या साइटवर हा हिशेब फुकट होतो, पण मी आधी वहीत करते.

हे सगळं करायचं कारण एवढंच, की लाल रंग नुसता लोखंड किती घातलं यावर ठरत नाही. तापलेल्या काचेत लोखंड विरघळतं, थंड होताना काचेला ते सगळं पोटात ठेवता येत नाही, आणि जादा लोखंड हेमटाइटचे (लोखंडाच्या लाल ऑक्साइडचे) बारीक स्फटिक होऊन पृष्ठभागाशी बाहेर पडतं. डोळ्याला लाल दिसतात ते हे स्फटिक. हाडांच्या राखेतला फॉस्फरस आणि टाल्कमधला मॅग्नेशिया त्यांना बाहेर यायला मदत करतात, ॲल्युमिना अडवतो. म्हणूनच गेरू घालून पाहिला तेव्हा रंग चॉकलेटी आला. गेरूत लोखंडाबरोबर मातीही असते. जांभा दगडाची भुकटी तर त्याहून वाईट, कारण जांभ्यात ॲल्युमिना भरपूर. फरशीच्या कोब्यात घालायचा लाल रंग स्वस्त पडतो, पण त्यात किती ऑक्साइड आणि किती भेसळ हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आम्ही पिगमेंटवाल्यांकडचं 96 टक्क्यांच्या वरचं सिंथेटिक ऑक्साइड घेतो, तिथे घासाघीस करत नाही.

धंद्याला खरं वळण दिलं ते हाडांच्या राखेने. पुण्यातल्या एका प्रदर्शनात एक जैन काकू वाटी उलटी करून बघत होत्या. घेणारच होत्या, तेवढ्यात म्हणाल्या, "ताई, बोन चायना नाही ना हे?" मी म्हटलं, "नाही काकू, स्टोनवेअर आहे." बोन चायनाच्या मातीतच हाडांची राख असते, आमची माती तशी नव्हतीच. पण ग्लेझमध्ये राख होती, आणि तेवढं उत्तर देऊन गप्प बसणं मला बरं वाटेना, म्हणून तेही सांगितलं. त्यांनी वाटी अलगद खाली ठेवली. रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "बिनाहाडाचं झालं की कळव, आमच्या सोसायटीत सगळ्यांना हवंय." रात्री भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "अक्के, हजार अंशाच्या वर कसलं हाड राहतंय?" रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काकूंचं बरोबर होतं, आणि वाटी त्यांच्या स्वयंपाकघरात जाणार होती.

राखेतून आपल्याला हवा फक्त फॉस्फरस आणि चुना. उदयपूरजवळ झामरकोटड्याला रॉक फॉस्फेटची मोठी खाण आहे, पण त्या खडकात फ्लोरिन असतं, भट्टीत त्याचा वायू सुटतो. तो विषय तिथेच सोडला. पशुखाद्याच्या दुकानात डीसीपी मिळतं, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, अगदी स्वस्त. 12 भाग राखेच्या जागी साधारण तेवढंच डीसीपी चालतं, फक्त चुना कमी पडतो, त्यासाठी जवळपास 5 भाग व्हायटिंग (चुनखडीची पूड) घालावं लागतं. रंग झकास आला. मग चौकशी केली तेव्हा कळलं, की काही डीसीपी हे जिलेटिनच्या कारखान्यांचं जोडउत्पादन असतं. म्हणजे पुन्हा हाडंच! शेवटी खनिजापासून बनवलेलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घेतलं, तसं लेखी घेऊन. ते 11 भाग पुरतं. महाग आहे, आणि इतकं हलकं की गोणी उघडली की मास्कशिवाय उभं राहता येत नाही. ग्लेझ घट्ट होतं, पाणी जास्त लागतं आणि जाड थर बसला तर वाळताना भेगा पडून भट्टीत ग्लेझ गोळा होतं. म्हणून पातळ बुडी, आणि 100 मेशच्या चाळणीतून दोनदा गाळणं.

त्यानंतर लेबलवर "ग्लेझमध्ये हाडांची राख नाही" हे वाक्य आलं. काकूंच्या सोसायटीची ऑर्डर आली, तिथून घाटकोपर-मुलुंडकडच्या आल्या. आज लाल मालातला मोठा हिस्सा त्या एका वाक्यावर जातो.

मधे भट्टी बदलली. जुनी विटांची, वीज खाणारी, थंड व्हायला दीड दिवस घ्यायची. नवी सिरॅमिक फायबरची, बिल निम्म्यावर आलं आणि लाल रंगही गेला. माल काळपट तपकिरी येऊ लागला. रेसिपी तीच, गोण्या त्याच. फायबरची भट्टी इतकी भराभर थंड होते की स्फटिक धरायला वेळच मिळत नाही. आता कंट्रोलरवर 980 ते 815 अंशांत तासाला 50 अंशांनीच उतरायचं असं बसवलंय. त्यात बचतीतला थोडा भाग परत जातो. मधेच वीज गेली तर ती खेप "तपकिरी मालिका" म्हणून कमी भावात विकतो. त्यालाही गिऱ्हाईक आहे.

सध्या भावाचं डोकं खडी फोडणाऱ्या क्रशरच्या भुकटीत अडकलंय. जपानमध्ये माशिको गावात हमादा शोजी हे नामवंत कुंभार तिथलाच एक दगड दळून काकी नावाचं तांबूस तपकिरी ग्लेझ करायचे, हे त्याने वाचलं. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, त्यात 12-14 टक्के लोखंड, 10 टक्क्यांच्या आसपास चुना, थोडा मॅग्नेशिया, सगळं आयतंच. महामार्गालगतच्या क्रशरवरून भुकटी आणून, बॉल मिलमध्ये दळून, वर फॉस्फेट, टाल्क आणि फ्रिट घालून तो टाइल भाजतोय. ॲल्युमिनाही 13-14 टक्के येतो, त्यामुळे लाल अजून विटेच्या पुढे सरकलेला नाही. मला विचाराल तर तो विटकरी रंगच जास्त देखणा आहे, आणि फेल्डस्पारची गोणी वाचते ती वेगळी. दिवाळीच्या प्रदर्शनात त्या ग्लेझचे मग ठेवणार आहोत. भाव अजून ठरायचाय, कारण दळणाचा खर्च भाऊ धरत नाही आणि मी धरते.