बँकॉकची सिटी टूर आणि त्यातलं ते 'कॉम्प्लिमेंटरी' दुकान

आमच्या पॅकेजच्या कागदावर बँकॉकच्या दिवसापुढे असं छापलेलं होतं: 'सिटी टूर: गोल्डन बुद्धा, मार्बल टेंपल, ग्रँड पॅलेस (प्रवेश शुल्क वेगळं), कॉम्प्लिमेंटरी जेम्स गॅलरी'. यातल्या शेवटच्या तीन शब्दांवरचा, म्हणजे त्या रत्नांच्या दुकानाच्या 'फुकट' भेटीवरचा, माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. ज्यांना थायलंडला जायचंय त्यांनी निदान बुकिंगआधी एजंटला विचारावं की दुकान कितव्या नंबरला आहे आणि पॅलेस कितव्या.

आम्ही पाच जण: मी, नवरा, सासू-सासरे आणि नववीतले चिरंजीव. बस एसआयसी, म्हणजे निरनिराळ्या एजंटांची गिऱ्हाइकं एकाच गाडीत. सुरतची दोन कुटुंबं, इंदूरचं एक, हैदराबादचं नवीन लग्न झालेलं जोडपं आणि आम्ही ठाणेकर. गाईड थाई बाई होती. तिथे गाईडचं काम फक्त थाई नागरिकांनाच करता येतं आणि त्यांच्या गळ्यात परवान्याचं कार्ड असतं. ही आमची बाई छत्री उंच धरून 'चलो चलो, जल्दी जल्दी' एवढं हिंदी आणि बाकी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची.

सकाळ छान गेली. वाट त्रायमितमधली (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) सोन्याची बुद्धमूर्ती साडेपाच टनांची आहे. कित्येक वर्षं ती चुन्यागच्चीच्या लेपाखाली होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. १९५५ साली ती हलवताना पडली, लेपाचा टवका उडाला आणि आत सोनं दिसलं. सासरे बँकेत होते, गोल्ड लोनमध्ये बरीच वर्षं काढलेली. ते मूर्तीसमोर हात जोडून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "एवढ्याला लॉकर कुठला देणार!" मार्बल टेंपल म्हणजे वाट बेंचमाबोफित, इटलीहून आणलेल्या संगमरवराचं. तेही झालं. साडेदहाच्या आत आम्ही मोकळे.

मी कागद काढून गाईडला म्हटलं, आता पॅलेस ना? ती म्हणाली, "पॅलेस आफ्टर. नाऊ जेम्स. ओन्ली थर्टी मिनिट्स."

आत शिरताना प्रत्येकाच्या छातीवर गोल स्टिकर. प्रत्येक बसचा रंग वेगळा. मला वाटलं गर्दीत चुकू नये म्हणून असेल. तसं काही नव्हतं. कुठल्या गाईडने किती डोकी आणली याचा तो हिशोब होता, कारण दाराशीच आमच्या बाईने काउंटरवर एक चिठ्ठी दिली, तिथल्या मुलीने आमची डोकी मोजली आणि सही केली. सासरे म्हणाले, "डिपॉझिट स्लिप भरली बघ आपली."

पहिल्यांदा थंड सरबत, मग अंधाऱ्या हॉलमध्ये खाणींवरची फिल्म. ती हिंदीत! मग काचेपलीकडे कारागीर दगड घासताना दिसतात. खरं सांगायचं तर तो भाग मला आवडला. एक मुलगा चाकावर टोपाझसारखा निळा खडा धरून बसला होता. दर दोन सेकंदांनी उचलून डोळ्याला लावायचा आणि परत टेकवायचा, नजर एकदाही वर नाही. थायलंडमध्ये हा धंदा जुना आहे. चंथाबुरी प्रांत माणकं आणि नीलमसाठी प्रसिद्ध, आणि खडे तापवून त्यांचा रंग खुलवण्यात तिथल्या लोकांचा हात धरणारं कुणी नाही. हल्ली माणकं बरीचशी आफ्रिकेतून येतात, पैलू मात्र इथे पडतात. हे सगळं ते सांगत नाहीत. त्यांची फिल्म ऐकून वाटतं की खाण मागच्या अंगणातच आहे.

मग दार उघडतं आणि शोरूम. एखाद्या मॉलच्या मजल्याएवढी. प्रत्येक कुटुंबामागे एक विक्रेती. आमच्या मागे लागलेली मुलगी सासूबाईंना थेट म्हणाली, "आई, बघा, बघायला पैसे नाही." मराठीत! सासूबाई विरघळल्या. पुढचा प्रश्न, "राशी कुठली?" वृश्चिक म्हटल्यावर तिने पोवळ्यांचा ट्रे काढला. चिरंजीवांची मकर ऐकून नीलम. म्हणजे ग्रह, रास, खडा सगळं पाठ. आपल्या गल्लीतल्या ज्योतिषाला जमणार नाही इतकं पाठ.

आणि मग तो कॅल्क्युलेटर. नीलमच्या अंगठीचा भाव तिने टाईप करून दाखवला, ४२,००० बाथ. एक बाथ म्हणजे अडीच रुपयांच्या वरच, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा. सासऱ्यांनी विचारलं, खडा तापवलेला आहे का, आणि सर्टिफिकेट कुठल्या लॅबचं? तिने उत्तराऐवजी कॅल्क्युलेटर परत पुढे केला, ३१,०००. सासरे गप्प. २४,०००. ते अजून गप्प, कारण त्यांना ऐकूच कमी येतं. १८,००० वर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अहो, निम्म्याहून खाली आली की ती!" मी त्यांना म्हटलं, आई, जी वस्तू पाच मिनिटांत निम्म्याहून खाली येते तिची खरी किंमत काय असेल? त्यांना ते पटलं, पण मुलीला वाईट वाटेल म्हणून त्या तिथून हलेनात.

तीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. मी बाहेर जायला निघाले तर आलो त्या दाराने परत जायचं नाही. पुढे जायचं. पुढे चामड्याच्या पर्स, त्याच्यापुढे रेशीम, त्याच्यापुढे वाळवलेले आंबे आणि हत्तीची मॅग्नेटं. शेवटी दार, दारापाशी सोफे, सोफ्यांवर आमच्यासारखेच स्टिकरवाले नवरे. बाहेर बस उभी, पण ड्रायव्हर बेपत्ता. स्वच्छतागृह तेवढं अप्रतिम होतं, हे कबूल.

आता या सगळ्यात घाई कशाची, असं वाटेल. घाई याची की ग्रँड पॅलेसची तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते. सकाळी साडेआठला उघडते. हे त्यांच्या अधिकृत साइटवर लिहिलेलं आहे आणि मी ते आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. साडेबारा झाले तरी आमची बस हलेना, कारण इंदूरचे काका पुष्कराजात अडकले होते. आणि गाईडचा कार्यक्रम असा: आता इंडियन हॉटेलात जेवण, मग पॅलेस "फ्रॉम आउटसाइड, फोटो". का? तर "टुडे क्लोज अर्ली. मेनी पीपल."

मी मोबाइलवर साइट उघडून तिच्यासमोर धरली. आज बंद नाही, लवकर बंद नाही, साडेतीन म्हणजे साडेतीन. एजंटला व्हॉट्सअ‍ॅप केलं तर उत्तर आलं, "मॅडम ते कॉम्प्लिमेंटरी आहे, एंजॉय करा." अरे, पण मी पॅलेस बघायला पैसे भरलेत! फुकटच्या दुकानासाठी विकतचा राजवाडा का सोडायचा?

भांडण्यापेक्षा मी हिशोब केला. सुरतच्या भाभींना विचारलं, हैदराबादच्या मुलीला विचारलं. सगळ्यांनाच आत जायचं होतं, कुणी बोलत नव्हतं एवढंच. मग गाईडला आम्ही तोडगा सांगितला: जेवण मागे, पॅलेस पुढे, उशीर झाला तर हॉटेलवाल्याशी आम्ही बोलू. ती जरा वेळ फोनवर बोलली, मग एकदम हसली. तिची बाजूही मला कळत होती. दिवसाची मजुरी तुटपुंजी आणि खरी कमाई त्या चिठ्ठीत; ती चिठ्ठी आता भरून झाली होती. तेव्हा सांगायचं हे की दुकानात असताना वाद घालू नका, चिठ्ठीवर सही होऊ द्या, मग बोला. बसमध्ये सुरतकरांचे थेपले आणि आमची शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं.

पॅलेसच्या दारात दुसरा घोळ: कपडे. चिरंजीव हाफ पँटमध्ये, सुरतचे भाई बर्म्युड्यात. गुडघे झाकलेले हवेत, खांदे झाकलेले हवेत, फाटकी जीन्स नको. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेऊन भागेल असं धरू नका. बाहेर हत्तीच्या छापाच्या पँटी विकायला असतातच, तिथे दोन्ही वीर सजले. सासूबाईंच्या साडीला कुणी काही म्हणालं नाही. तिकीट माणशी ५०० बाथ. तीनच्या आत आम्ही आत होतो आणि मला जो आनंद झाला तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

आणि इथे मला त्या गाईडबद्दल चांगलं लिहावंच लागेल. राजवाड्याच्या आवारातल्या देवळात पाचूचा बुद्ध म्हणतात तो पाचूचा नाहीच, हिरव्या दगडात कोरलेला आहे, जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच, पण इतका वर बसवलाय की मान मोडते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी त्याची तीन वस्त्रं, आणि ती बदलतो स्वतः राजा. आत फोटो काढू देत नाहीत. खरी मजा बाहेरच्या ओवऱ्यांत आहे. भिंतीभर रामायण, १७८ चित्रं. थाई लोक त्याला रामकियन म्हणतात. हा राजवाडा १७८२ साली बांधायला घेणारा थायलंडचा राजा राम पहिला, त्यानेच रामकियन लिहवून घेतलं. आमची बाई, जी सकाळपासून जल्दी जल्दी करत होती, ती एका चित्रासमोर थांबली ती हलेचना. पांढरा हनुमान आणि एक मत्स्यकन्या. ही रावणाची मुलगी, सेतूचे दगड चोरायला आली आणि हनुमानाच्या प्रेमात पडली, असं तिने रंगवून सांगितलं. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हनुमानाचं लग्न?" लग्न नाही, मुलगा झाला, असं गाईडने सांगितल्यावर त्या भिंतीपासून दोन पावलं मागे सरकल्या. हॉटेलवर परतल्यावर त्यांनी मारुती स्तोत्र म्हटलं, बहुतेक भरपाई म्हणून.

वाट फो शेजारीच आहे, तो कार्यक्रमात नव्हता. आम्ही बस सोडली, गाईडने एका कागदावर 'स्वेच्छेने उतरलो' अशी सही घेतली, ती बिनदिक्कत द्या. ४६ मीटर लांब आडवा बुद्ध आणि त्याच्या तळपायांवर शिंपल्यात जडवलेली १०८ शुभचिन्हं. तिकीट ३०० बाथ. मागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रांत एकेक नाणं टाकत जायचं असतं.

राहिलेलं आठवेल तसं: पॅलेसबाहेर कुणी इस्त्रीचा शर्ट घातलेला सज्जन "आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणाला तर त्याच्याकडे न बघता दारापर्यंत चालत जा, त्याची टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, शेवटी दागिन्यांच्या दुकानातच थांबते. मोठ्यांना घेऊन गेलात तर पॅलेस सकाळी पहिला करा, दुपारी फरशी तापते. स्वतंत्र जायचं असेल तर मेट्रोचं सनाम चाय स्टेशन वाट फोला अगदी लागून आहे, मग बसही नको आणि स्टिकरही नको. आणि पलीकडचं वाट अरुण बघायला नदी ओलांडायचे ५ बाथ पडतात. था तियन धक्क्यावर प्रायव्हेट बोटवाले शेकड्यांत भाव सांगत आडवे येतील, त्यांना ओलांडून लोकल फेरीला जा.