इव्हो आणि एसटीआय: आलेख डावीकडून वाचायचा

मित्राची मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन ९ (इव्हो) आणि माझी २००१ची दोन लिटरची सुबारू इम्प्रेझा एसटीआय आम्ही एकाच दिवशी, एकाच डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवल्या. मुद्दामच. वेगळ्या डायनोवरचे, वेगळ्या हवेतले आकडे समोरासमोर ठेवून भांडण्यात काही अर्थ नसतो. दोन्ही गाड्या मनापासून ट्यून केलेल्या. कमाल हॉर्सपॉवर जवळपास सारखीच आली आणि बघायला जमलेली मंडळी तेवढं ऐकून पांगली. मी मात्र आलेखाच्या डाव्या, म्हणजे कमी आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बाजूकडे बघत बसलो. तिथे त्याचा टॉर्क (इंजिनाचा फिरवणारा जोर) लवकर उठला होता आणि पुढे भरलेलाच राहिला होता. माझा उशिरा उठला, पण वरच्या आरपीएमला दमला नाही.

गाड्यांची तुलना मी तिथूनच करतो. या दोन्ही गाड्या घडल्याच त्यासाठी. १९९२ साली दोघी आल्या त्या रॅलीसाठी. आधीच्या गॅलंट आणि लेगसी आकाराने मोठ्या पडत होत्या. पुढे १९९५पासून टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी हवा अडवणारा ३४ मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर सक्तीचा झाला. श्वासच मोजका, म्हटल्यावर वरचा आकडा वाढवायला जागा फारशी उरली नाही. सगळी लढत मधल्या आरपीएमवर आली. १९९५ला कॉलिन मॅक्रे सुबारूतून जगज्जेता झाला, १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं टॉमी मॅकिनन मित्सुबिशीतून. रस्त्यावरच्या गाड्यांवर तर जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेला २८० पीएसचा (मेट्रिक हॉर्सपॉवर) आकडा दोघीही वर्षानुवर्षं लावत होत्या.

कागदावर जुळ्या बहिणी. त्याचं इंजिन फोरजी६३, १९९७ सीसी; माझं ईजे२०, १९९४ सीसी. फरक तीन सीसीचा! पण बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) मिलिमीटरमध्ये बघा. मित्सुबिशीचा ८५ बाय ८८, सुबारूचा ९२ बाय ७५. ८००० आरपीएमला फोरजी६३चा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेतेवीस मीटर धावतो, ईजे२०चा वीस. वर फिरायला माझं इंजिन मोकळं असतं ते यामुळे. पण रुंद सिलिंडरमध्ये ज्योतीला लांब जावं लागतं आणि तेवढ्यात उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं की नॉक. त्याच्याकडे ओतीव लोखंडाचा ब्लॉक आहे. माझ्याकडे अॅल्युमिनियमचे दोन अर्धे भाग क्रँकला दोन्ही बाजूंनी धरून बसलेत. त्यामुळे तो बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवतो तेव्हा मी टायमिंगची (ठिणगीच्या वेळेची) एकेक डिग्री तपासत असतो.

तिसरी गोष्ट एक्झॉस्टची, आणि ती माझ्या जिवाजवळची. इव्होचा टर्बो इंजिनाच्या पुढ्यातच, रेडिएटरमागे. धूर नेणारा मॅनिफोल्ड आखूड, सिलिंडरच्या १-४ आणि २-३ अशा जोड्या ट्विन-स्क्रोल टर्बोच्या दोन वेगळ्या वाटांनी आत जातात. माझ्या बॉक्सर इंजिनात सिलिंडर दोन बाजूंना आडवे, म्हणून एका बाजूचा धूर इंजिनाखालून पलीकडे न्यावा लागतो. माझ्या हेडरच्या (एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या) नळ्या कमी-जास्त लांबीच्या आहेत आणि सुबारूची ती ओळखीची गुरगुर तिथूनच येते. मध्यंतरी समान लांबीचा हेडर बसवला होता. बूस्ट लवकर आला, हे खरं. पण पहिल्यांदा स्टार्टर मारला आणि ती गुरगुर आलीच नाही. गाडी दुसऱ्याच कुणाची वाटली. महिनाभर चालवून पाहिली आणि जुना हेडर परत चढवला. काय गमावतोय हे मला नीट माहीत होतं.

वळणात इव्होचं एवायसी (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारी यंत्रणा) मागच्या बाहेरच्या चाकाला जास्त जोर देतं आणि नाक आत ओढल्यासारखं वळतं. ते खरंच सुंदर आहे, हे मी मित्राला त्याच दिवशी सांगितलं.

संध्याकाळी दोन्ही गाड्यांचे आठही स्पार्क प्लग काढले. त्याचं काम सोपं. वरचं झाकण काढलं की चारही प्लग सरळ खाली. माझ्याकडे बॅटरी काढा, एअर फिल्टरचा डबा काढा, वॉशरची टाकी बाजूला करा, मग चॅसीच्या रेलमधल्या फटीतून एक्स्टेन्शनचे तुकडे आतच जोडत सॉकेट प्लगपर्यंत न्या. पुढे पाना फिरत नाही, बोटांनीच फिरवायचं. हाताच्या मागच्या बाजूची कातडी सोलवटते. चौथ्या सिलिंडरचा प्लग मी सर्वात शेवटी काढला, कारण ईजेमध्ये नॉक बहुतेक वेळा तिथे आधी दिसतो. टॉर्च लावून भिंगाखाली पांढरी पोर्सिलेन फिरवून फिरवून पाहिली. मिरपुडीसारखे चंदेरी कण दिसले असते, तर पिस्टनचं अॅल्युमिनियम सुटायला लागलंय असं समजायचं.

एकही कण नव्हता. मित्राने ‘अजून थोडा बूस्ट घेऊया का’ म्हणून विचारलं. मी नको म्हटलं आणि प्लग पुसून परत बसवायला घेतले.