रोआनोकमध्ये अण्णा आणि १२१८

ब्लू रिज पार्कवेबद्दल मी फार लिहिणार नाही. डोंगर सुंदर, रस्ता सुंदर, गर्दी बेताची. मला लिहायचंय रोआनोकबद्दल आणि तिथल्या १२१८ क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनाबद्दल. व्हर्जिनियातल्या या शहरात आपली बरीच मंडळी पेट्रोल भरण्यापुरती थांबतात आणि पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उन्हाळ्यात आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आले होते. भुसावळच्या लोको शेडमध्ये ते क्लिनर म्हणून लागले, मग फायरमन झाले. वाफेच्या इंजिनावर बारा-बारा तास कोळसा मारलेला माणूस. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं दाखवून झालं. अण्णा सगळीकडे "छान आहे" म्हणाले आणि बाकाशेजारी उभे राहिले. माझा नवरा म्हणाला, "अण्णांना रोआनोकला नेऊ या." आमच्याकडून गाडीने तीन तास. वाटेतल्या हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला सॉसेजशिवाय काही नव्हतं आणि चहाच्या नावाखाली कोमट पाणी मिळालं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी थर्मास सोबत ठेवावा.

रोआनोकमध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेचा कारखाना होता. बाकीच्या बहुतेक अमेरिकी रेल्वे कंपन्या बाल्डविन, आल्को किंवा लायमा या इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांकडून इंजिनं विकत घ्यायच्या. ही कंपनी आपली मोठी इंजिनं घरीच बांधायची. कारण साधं होतं. तिचा धंदाच वेस्ट व्हर्जिनियातला कोळसा वाहून नेण्याचा. ज्या कोळशावर पोट, त्याच कोळशावर गाडी. म्हणून इतर कंपन्या डिझेलकडे वळल्या तरी ही १९६०पर्यंत वाफेला धरून राहिली. अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांत मुख्य मार्गावरची वाफ सर्वांत शेवटी इथे विझली.

जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आता व्हर्जिनिया म्युझियम ऑफ ट्रान्स्पोर्टेशन आहे. मागच्या बाजूला मोठ्या छपराखाली इंजिनं उभी आहेत आणि पलीकडच्या रुळांवरून आजही मालगाड्या धडधडत जातात. याच कंपनीचं ६११ क्रमांकाचं प्रसिद्ध इंजिन त्या दिवशी तिथे नव्हतं. अनेकांची त्यामुळे निराशा झालेली दिसली. आम्हाला मात्र १२१८ निवांत मिळालं.

क्लास ए, क्रमांक १२१८. बांधणी १९४३, इथलीच. इंजिन आणि भरलेलं टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, मिळून सुमारे ४३० टन, लांबी १२१ फूट. अशी ४३ इंजिनं बांधली गेली, त्यातलं हे एकच उरलं आहे. लोक येत होते, चाकाशेजारी उभे राहून फोटो काढत होते आणि दोन मिनिटांत निघून जात होते. अण्णा मात्र इंजिनाच्या पोटाशी वाकून मधला सांधा बघत राहिले.

हा सांधाच या सगळ्या अजस्र इंजिनांचं मर्म. एवढं लांब इंजिन डोंगरातल्या वळणावर वळणार कसं? आनातोल मॅले या स्विस इंजिनियरची युक्ती अशी, की बॉयलर एकच, पण खाली चाकांचे दोन संच. मागचा संच बॉयलरला पक्का, पुढचा बिजागरीवर डावी-उजवीकडे सरकणारा. अमेरिकेत असं पहिलं इंजिन १९०४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेवर आलं. मग नुसती चाकं वाढवायची चढाओढ लागली. ईरी रेल्वेने १९१४ मध्ये बाल्डविनकडून तीन संचांचं इंजिन बांधून घेतलं, तिसरा संच चक्क टेंडरखाली. खेच प्रचंड होती, पण बॉयलरला तेवढी वाफ पुरवता येईना. जरा वेग घेतला की प्रेशर पडायचं. बिचारं आयुष्यभर चढावर गाड्यांना मागून ढकलत राहिलं.

मी हे अण्णांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "चाकं वाढवून काय होतंय? आग किती आहे ते बघ."

अगदी हेच लायमा कंपनीला १९२५ मध्ये उमगलं होतं. तिने चाकांआधी आगीची जागा वाढवली. भट्टीत कोळसा जिच्यावर जळतो त्या मोठ्या जाळीचं वजन पेलायला इंजिनाच्या मागच्या भागाखाली चार चाकांचा जोडगाडा दिला. तिथून पुढे जड इंजिनं वेगानेही धावू लागली. युनियन पॅसिफिक रेल्वेचं बिग बॉय हे अजस्र इंजिन १९४१चं, आणि आमच्या या क्लास एचं पहिलं इंजिन त्याच्याही पाच वर्षं आधीचं.

मी तिथल्या स्वयंसेवक आजोबांना विचारलं, याच्या भट्टीची जाळी केवढी? ते म्हणाले, १२२ चौरस फूट. मी अण्णांना सांगितलं, म्हणजे आपली १० बाय १२ची खोली. भुसावळच्या क्वार्टरमधली आमची बाहेरची खोली तेवढीच होती. अण्णा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "एवढ्या आगीला कोळसा कोण मारणार? माणूस मरेल गं."

आजोबांनी त्यांना टेंडरकडे नेलं. खाली एक जाड स्क्रू असतो, तो फिरत कोळसा पुढे ढकलतो आणि भट्टीच्या तोंडाशी वाफेचे फवारे तो जाळीभर उडवतात. फायरमनने फक्त झडपा सांभाळायच्या. आग कुठे पातळ झाली, कुठे दाटली, हे मात्र बघायचं त्यालाच. मी भाषांतर करत होते, पण थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. इंजेक्टर, ब्लोअर, वॉटर गेज. दोघं हातवारे करत बोलत होते. आजोबांचे वडील याच कारखान्यात बॉयलरचं काम करायचे. अण्णांनी उजव्या तळहाताच्या मुळाशी फावड्याने पडलेला जुना घट्टा दाखवला. आजोबांनी त्यावर अंगठा फिरवून बघितला. माझी लेक शेजारी उभी होती. तिने तो घट्टा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

मग आजोबांनी १२१८ वाचलं कसं ते सांगितलं. १९५९ मध्ये ते सेवेतून काढलं. एका रसायन कारखान्याने ते घेतलं, पण धावायला नाही, नुसता वाफ देणारा बॉयलर म्हणून. बाकीची भंगारात गेली, हे बॉयलर म्हणून उरलं आणि पुढे एका संग्राहकाच्या हाती लागलं. १९८७ मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा रुळांवर धावलं, १९९१पर्यंत. मला हे ऐकताना फार राग आला. इतक्या कौशल्याने घडवलेली बेचाळीस इंजिनं वितळवताना एकही स्वतःहून बाजूला ठेवावंसं कुणाला वाटू नये?

ही इंजिनं कमी पडली म्हणून गेली, असं म्हणणं चूक आहे. १९५२ मध्ये याच मार्गांवर जनरल मोटर्सच्या डिझेलशी त्यांची चाचणी झाली आणि निकाल जवळपास बरोबरीचा लागला. पण बाकी देश डिझेलवर गेल्यावर वाफेच्या इंजिनांचे पंप, झडपा, सुटे भाग बनवणारे कारखानेच बंद पडत गेले. डिझेलची तीन-चार इंजिनं एकत्र जोडून एकाच ड्रायव्हरला चालवता येतात, राखही काढावी लागत नाही. १९५८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष बदलले आणि दोन वर्षांत सगळं संपलं. ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने शेवटच्या वर्षांत फ्लॅशच्या उजेडात काढलेले रात्रीच्या गाड्यांचे फोटो जवळच्या जुन्या स्टेशनात आहेत. तेही बघाच, आम्हाला घाईत बघावे लागले, कारण अण्णा १२१८ पासून हलायला तयार नव्हते.

परतीच्या वाटेवर अण्णांनी एकदाच विचारलं, याच कंपनीचं, वाफ दोनदा वापरणारं ते वाय-सिक्स इंजिन कुठे बघायला मिळेल? मागच्या सिलिंडरांत काम केलेली वाफ पुढच्या, जवळजवळ मीटरभर व्यासाच्या सिलिंडरांत पुन्हा कामाला लावायची, अशी त्याची रचना. २१५६ क्रमांकाचं तसं एक इंजिन काही वर्षं रोआनोकला पाहुणं होतं, २०२० मध्ये सेंट लुईसच्या संग्रहालयात परत गेलं. तिथे एक बिग बॉयही आहे. आमच्याकडून बारा-तेरा तासांचा रस्ता. नवरा म्हणाला, एवढं अंतर अण्णांना झेपेल का? अण्णांनी मागच्या सीटवरून उत्तर दिलं, "मी काय उभ्याने कोळसा मारत जाणार आहे का? बसूनच जायचंय ना?"

ऑक्टोबरात निघतोय. थर्मास घेतलाय.