मानपत्रातलं ‘श्री.’

पुण्यातल्या एका छापखान्यात मी अक्षरजुळणी करतो, प्रूफंही बघतो. बावीस वर्षं झाली. संगणकात मानपत्राचे दोन साचे कायमचे आहेत, एक ‘पुरुष’, दुसरा ‘महिला’. नाव आणि तारीख बदलायची, महिरप तीच.

मागच्या हिवाळ्यात एका संस्थेचं काम आलं. महाराष्ट्रात मोलाचं काम केलेल्या समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींवर फलक, आणि त्याच कार्यक्रमात सत्कार होणाऱ्या इथल्याच एका कार्यकर्तीचं मानपत्र. मजकूर आला आदल्या दिवशी, व्हॉट्सॲपवर, अर्धा युनिकोडात, अर्धा जुन्या फॉन्टात. म्हणजे नेहमीसारखंच.

अशोक राव कवींचा फलक पटकन लागला : १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ नियतकालिक, १९९४ साली हमसफर ट्रस्ट. बिंदुमाधव खिऱ्यांच्या फलकावर मात्र मी रेंगाळलो, कारण हे सगळं माझ्याच गावात झालेलं. २००२ साली समपथिक ट्रस्ट, २०११ साली पुण्यातली पहिली अभिमान पदयात्रा. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ वरचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला. त्याच्या सात वर्षं आधी ही माणसं रस्त्यावरून चालली होती, आणि मी बहुधा लग्नपत्रिका जुळवत बसलो होतो.

अडलो गौरी सावंतांपाशी. पहिल्या ओळीत ‘ते सखी चार चौघी या संस्थेचे संस्थापक’, आणि खाली २०१९ मध्ये निवडणूक आयोगाच्या सदिच्छादूत झाल्या तिथे ‘त्या’. एकाच फलकावर दोन माणसं! संयोजकांना फोन केला. ‘तुम्हीच बघा हो,’ म्हणाले. आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला सांगितल्याचं शेजारच्याच फलकावर होतं. मी सगळीकडे ‘त्या’ केलं.

मानपत्र मराठीत त्या मानाने सुटसुटीत. ‘आपण लढलात’, ‘आपण संस्था उभारलीत’, यात बाई की पुरुष कळत नाही. पण ‘खंबीरपणे उभे राहिलात’ आलं की क्रियापद पकडतं. आणि सगळ्यात वर, नावाच्या अलीकडे, ‘श्री.’ होतंच.

दुपारी, ज्यांचं मानपत्र होतं त्या स्वतःच आल्या, नाव तपासायला. हिरवी इरकल, हातात कापडी पिशवी. मी खुर्ची दिली.

‘दादा, मागं एका ठिकाणी सत्कार झाला, तिथं माझं जुनं नाव घातलं होतं. पुढं ‘श्री.’बी होतं. ट्रंकेत तळाला ठेवलंय ते.’

‘मग काय लिहू, ताई? श्रीमती?’

‘कशाला? नुसतं नाव नाही का चालत? ज्ञानोबाला माऊली म्हणताना कुणी अडतं का?’

चालत होतं की. बावीस वर्षांत मला सुचलं नव्हतं, एवढंच. ‘श्री.’ काढलं, ‘उभे’चं ‘उभ्या’ केलं. ‘समाजाने नाकारलेल्या’ हे शब्द त्यांनी माझ्याच पेनाने खोडले. ‘हे माझ्याबद्दल नाही, समाजाबद्दल आहे. त्यांच्या मानपत्रात घाला.’ मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत.

प्रूफावर सही चालू असतानाच संयोजकांचा फोन. आवाज दबका. ‘त्या तिथंच आहेत ना? जरा विचारता का, फेटा बांधायचा की ओटी भरायची? इथं वाद चाललाय.’

फोन स्पीकरवर होता हे त्यांना ठाऊक नव्हतं.

‘दोन्ही करा,’ त्या सही पुरी करत म्हणाल्या. ‘ओटीत नारळ चांगला घाला. आणि फेटा हिरव्या साडीवर उठून दिसेल असा आणा, तो गुलाबी नको.’